बाळाचे डॉक्टर कोण?

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या स्नेहभोजनात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी जे बोलायचं राहून गेलं, ते इथे घातलं आहे.)



कार्यकारिणीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागला आहे. त्यामुळे पाल्हाळ लावणार नाही. स्टेजवर बोलायची आम्हाला सवय नाही. मंडळात आजवर आम्ही खुर्च्या लावल्या, खुर्च्या उचलल्या, आणि मधली दोन वर्षं तर कार्यक्रमांना आलोच नाही. का आलो नाही, तेच आज सांगणार आहोत.

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. आम्हाला दोघांनाही हा शब्द फारसा आवडत नाही, कारण आमचा मुलगा स्वतःत कमी आणि पंख्याच्या पात्यांत, वॉशिंग मशीनच्या दारात, लिफ्टच्या बटणांत जास्त मग्न असतो. त्याचं नाव आम्ही भाषणात घेणार नाही आणि पुस्तिकेतही छापू देणार नाही. मोठा झाल्यावर कोणाला काय सांगायचं ते त्याचं तो ठरवेल.

आम्ही २०१८ साली पुण्याहून ऑन्टारियोत आलो. पुण्यात आमच्या घराजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यांच्याकडेच. आपण खोकलो की ते आपल्या वडिलांच्या खोकल्याची आठवण काढायचे. आणि मुलाला काही झालं तर सरळ बालरोगतज्ज्ञाकडे जायचं, नंबर लावायचा, फी द्यायची. कोणाची चिठ्ठी लागत नाही. इथे तसं नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इथे बालरोगतज्ज्ञ हा 'स्पेशालिस्ट', आणि स्पेशालिस्टकडे जायचं तर आधी कोणीतरी रेफरल पाठवावं लागतं. ते पाठवणारा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर. आम्हाला तो नव्हता. जे होते ते निवृत्त झाले आणि त्यांची प्रॅक्टिस कोणी घेतली नाही. सरकारच्या हेल्थ केअर कनेक्टच्या यादीत आम्ही नाव घातलं आणि वाट बघत बसलो. दोघं धडधाकट होतो, त्यामुळे तेव्हा काही वाटलं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मुलगा झाला. हॉस्पिटलातून सुटताना नर्सबाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, "बाळाचे डॉक्टर कोण?" आम्ही म्हटलं, अजून नाहीत. त्यांनी त्या जागी एक आडवी रेघ मारली. आमची पुढची तीन वर्षं त्या रेघेत गेली असं म्हटलं तरी चालेल.

असे आम्ही एकटे नाही. ऑन्टारियोतल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने २०२४ साली सांगितलेला आकडा २५ लाखांचा होता. एवढ्या लोकांना तेव्हा फॅमिली डॉक्टर नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये प्रांतिक सरकारने चार वर्षांसाठी १८० कोटी डॉलर जाहीर केले आणि ते काम डॉ. जेन फिलपॉट यांच्याकडे होतं. होईल तेव्हा होईल, चांगलंच आहे. पण दीड वर्षाचं मूल चार वर्षं थांबत नाही.

दीड वर्ष आम्ही मुद्दाम म्हटलं. इथे दर बाळाची अठराव्या महिन्याला एक सविस्तर तपासणी होते. २००९ पासून ऑन्टारियोत ती जरा जास्त वेळ देऊन करतात. डॉक्टर प्रश्नावली भरून घेतात. मूल बोट दाखवतं का, हाकेला बघतं का, किती शब्द बोलतं, हे सगळं विचारतात. ऑटिझमची पहिली शंका बहुतेक वेळा इथेच यायला हवी. आमच्या मुलाला अठराव्या महिन्याचं इंजेक्शन पब्लिक हेल्थच्या क्लिनिकमध्ये मिळालं. तिथल्या बाई फार प्रेमळ होत्या, स्टिकरही दिला. पण समोर चाळीस मुलांची रांग. सुई मिळाली, तपासणी राहून गेली. आणि ती राहिली हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. जी गोष्ट असते हेच माहीत नाही, ती चुकली म्हणून हळहळणार कसं?

शंका आली ती आजीला. सुपर व्हिसावर ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, विमानं सुरू झाल्या झाल्या. येताना २०२२ चं कालनिर्णय मात्र मिळालं नाही, ते डिसेंबरात एका ओळखीच्यांबरोबर मागवलं आणि फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलं. पुण्यात ती चौकोनात दुधाचा हिशोब लिहायची. इथे दूधवाला नाही, म्हणून कचऱ्याच्या गाडीचे दिवस लिहायला लागली, आणि नातवाचे शब्द.

त्या वर्षी संक्रांतीला, १४ जानेवारीला, आम्ही त्याचं बोरन्हाण केलं. बोरं कुठली मिळायला! क्रॅनबेरी, चुरमुरे, गोळ्या आणि डब्यातून आलेला हलवा. हलव्याचे दागिने घालून मुलगा मधोमध बसलेला, भोवती शेजारची पोरं गोळ्या वेचतायत, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून त्याला हाका मारतोय. त्याचा व्हिडिओ आहे. व्हिडिओ चार मिनिटांचा आहे आणि त्या चार मिनिटांत तो एकदाही वर बघत नाही. हलव्याचा एक दाणा फरशीवर गोल फिरवत बसलाय. तेव्हा आम्ही हसलो होतो. "किती समजूतदार आहे, रडतसुद्धा नाही," असं कोणीतरी म्हणालेलंही त्यात ऐकू येतं.

कालनिर्णयात २६ जानेवारीच्या चौकोनात लिहिलंय, 'बाबा म्हणाला. दोनदा.' फेब्रुवारीत एकदा 'पाणी'. मग मार्चमध्ये काहीच नाही. पाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, 'हाका मारून दमले. पुडा उघडला की लगेच येतो.' त्यानंतर आजी आमच्याशी बोलली. म्हणाली, "मी चार मुलं वाढवली आहेत. उशिरा बोलणारी पाहिली आहेत. पण आलेले शब्द परत जाताना नाही पाहिले." आम्ही तिच्यावर चिडलो, हे इथे कबूल करतो.

जूनमध्ये वॉक-इन क्लिनिकला गेलो. दोन तास बसल्यावर सहा मिनिटं मिळाली. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, शिवाय घरात दोन भाषा आहेत, तुम्ही इंग्रजीच बोला. हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल, म्हणून थांबून सांगतो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिस्टिक मुलांना दोन भाषांनी अपाय होतो असं संशोधनात दिसलेलं नाही. पण आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. आम्ही तीन महिने घरात आमच्या मोडक्या इंग्रजीत बोललो. आजीला इंग्रजी येत नाही, ती त्या तीन महिन्यांत नातवाशी जवळजवळ बोललीच नाही. बाकी सगळ्याची भरपाई होईल, याची होत नाही.

दुसऱ्या वॉक-इनमधून एका डॉक्टरांनी बालरोगतज्ज्ञांना फॅक्स पाठवला. पाच आठवड्यांनी फोन केला तर कळलं, रेफरल परत गेलं. का? तर रिपोर्ट कोणाला पाठवायचा, ते फॅमिली डॉक्टरचं नाव त्यावर नव्हतं. परत गेलेला फॅक्स वॉक-इनमध्ये कोणाच्या टेबलावर पडला, कोणास ठाऊक. तिथे रोज वेगळे डॉक्टर, प्रत्येकाची सहा मिनिटं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही समजत होतो की फॅमिली डॉक्टर म्हणजे सही करणारा माणूस. सही कोणीही करू शकतं. फॅमिली डॉक्टर म्हणजे आठवण ठेवणारा माणूस. नवव्या महिन्यात मूल कसं होतं, पंधराव्यात काय बदललं, हे एका फाइलमध्ये, एका डोक्यात असतं. ऑटिझमचं निदान रक्त तपासून होत नाही, स्कॅन काढून होत नाही. मूल कसं वाढलं यावरच ते होतं. ती फाइल आमच्याकडे नव्हती. मग ती आम्हीच तयार करायची, असं ठरवलं.

निळ्या रंगाचं एक फोल्डर केलं. आजीच्या कालनिर्णयातले चौकोन तारखेवार इंग्रजीत उतरवून काढले. बोरन्हाणाचा व्हिडिओ आणि आणखी पाच लहान व्हिडिओ एका जागी ठेवले. एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी, फुकट मिळते, आईवडिलांनीच भरायची असते. ती भरली. तिने निदान होत नाही, पण पुढे तपासावं की नाही ते कळतं. आमचं उत्तर 'तपासावं' असं आलं.

आणि मग डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय उघडणारे दरवाजे शोधले. हे नीट ऐका, कारण आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. शाळेआधीच्या मुलांसाठी प्रांताची स्पीच थेरपीची सोय आहे. तिथे आईबाप स्वतः फोन करून नाव घालू शकतात. आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये केला. त्यांनी पहिल्यांदा ऐकण्याची तपासणी करायला लावली, आणि तेच बरोबर आहे. मुलाला ऐकूच येत नसेल तर बाकीचं सगळं बोलणं फुकट. ऐकू उत्तम येत होतं. (बिस्किटाच्या पुड्याने ते आधीच सिद्ध केलं होतं.) आता मुलांच्या उपचार केंद्रांमध्ये स्मार्टस्टार्ट हब झाले आहेत, तिथेही रेफरल लागत नाही आणि निदानही लागत नाही. नुसती काळजी वाटतेय एवढं कारण पुरतं.

स्पीचच्या बाईंनी दोन भेटींत जे पाहिलं ते एका पत्रात लिहून दिलं. ते पत्र फोल्डरमध्ये गेलं आणि फोल्डर घेऊन आम्ही नोव्हेंबरात तिसऱ्या वॉक-इनला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोल्डर उघडलं, कालनिर्णयाच्या पानाचा फोटो बघितला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मग म्हणाल्या, "मी इथे दर गुरुवारी असते. रिपोर्ट माझ्या नावावर मागवा. आणि तुम्ही गुरुवारीच या." बस, एवढंच. नवीन पेशंट घेणं त्यांना शक्य नव्हतं, आणि आम्ही त्यांचे कोणी नव्हतो. पण रेफरलवरची रिकामी जागा भरली. ज्यांना डॉक्टर नाही त्यांना आमचा पहिला सल्ला हाच. वॉक-इनला गेलात तरी माणूस बदलू नका. आणि नर्स प्रॅक्टिशनर किंवा कम्युनिटी हेल्थ सेंटर जवळ असेल तर तिथेही विचारा, नर्स प्रॅक्टिशनर रेफरल देऊ शकतात.

बालरोगतज्ज्ञांची तारीख मिळाली जून २०२३ ची. सात महिने. मधल्या काळात खासगी सायकॉलॉजिस्टकडे चौकशी केली. तिथे रेफरल लागत नाही आणि त्यांचं निदान सरकारी योजनेत चालतं. आम्हाला सांगितलेली फी साडेतीन हजार डॉलर होती. कंपनीच्या विम्यात सायकॉलॉजिस्टसाठी वर्षाला पाचशे. त्या महिन्यात एकाचीच नोकरी चालू होती. आम्ही थांबलो.

तपासणीचा दिवस मात्र गमतीचाही झाला. साबणाचे फुगे, गाडी, बाहुली. बाहुलीचा वाढदिवस, केकवर मेणबत्ती, आता फुंकर मार. मुलगा बघतच बसला. आम्ही म्हटलं, आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण करतात, निरांजन कधी फुंकत नाहीत, उलट फुंकलं तर आजी रागावते. बाईंनी ते लिहून घेतलं. चमच्याने खातो का, हा प्रश्नही तसाच. वरणभात हाताने खाणाऱ्या घरात चमच्यावरून काय ठरवणार? पण त्याच वेळी त्यांनी हेही दाखवलं की मेणबत्ती सोडा, फुगा संपल्यावर तो फुगे काढणाऱ्या माणसाकडे बघत नाही, माणसाचा हात धरून बाटलीवर नेतो. हे आम्ही दोन वर्षं बघत होतो आणि बघितलं नव्हतं. मग बोरन्हाणाचा व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला.

आम्हाला वाटत होतं की अजून मोठ्या केंद्रात पाठवतील, आणखी वर्षभर रांग. त्या म्हणाल्या, गरज नाही. चित्र स्पष्ट असेल तर साध्या बालरोगतज्ज्ञालाही निदान करता येतं, कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये तसं मार्गदर्शनही केलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये पत्र हातात आलं. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. पहिल्या वॉक-इनपासून तेरा महिने.

तेरा महिने म्हणजे काय, ते देणगीदारांना समजावं म्हणून सांगतो. ऑन्टारियो ऑटिझम प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायला निदानाचं लेखी पत्र लागतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, निदानाचं वाक्य, आणि देणाऱ्याचं नाव व पदवी. एवढं एक पान. मुख्य थेरपीसाठी पैसे नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने मिळतात. २०२३ साली या योजनेत नोंदलेली मुलं ६० हजारांच्या पुढे होती. म्हणजे ही आधीच लांबलचक रांग, आणि तिच्या शेवटी उभं राहायलासुद्धा ते पान हवं. ज्याला फॅमिली डॉक्टर आहे त्याचं मूल वीसाव्या महिन्यात रांगेत उभं राहिलं असेल, तर आमचं चौतिसाव्या महिन्यात. हा फरक पुढे कधीच भरून निघत नाही, तो पुढच्या प्रत्येक तारखेला चिकटतो. डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचा फॉर्म भरायलाही अशीच सही लागते. ती आमच्या गुरुवारच्या बाईंनी दिली.

निदानानंतर आम्ही कोणाला सांगितलं नाही. २०२२ च्या गणपतीत ढोल सुरू झाल्यावर तो कानावर हात ठेवून जमिनीवर पडला होता, तेव्हा मागून 'फार लाडावलाय' असं ऐकलं होतं. नंतर कोणी लसीमुळे झालं म्हणालं. ज्या शोधनिबंधावरून ती अफवा उठली, तो १९९८ चा, आणि २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. कोणी पत्रिका दाखवायला सांगितली. पण याच मंडळातल्या एका काकूंनी काही न बोलता आठ महिने दर मंगळवारी आम्हाला गाडीने स्पीचला सोडलं. त्या आत्ता इथे बसल्या आहेत आणि नाव घेतलं तर उठून जातील.

आता निधीबद्दल. मंडळाने ठरवलं आहे की यंदाच्या रकमेचा एक भाग डॉक्टर नसलेल्या कुटुंबांसाठी ठेवायचा. कागदपत्रांचं भाषांतर, तपासणीला सोबत जाणारं मराठी बोलणारं माणूस, गाडीचा खर्च. आणि फार अडलेल्यांना खासगी तपासणीच्या फीमधला वाटा. या शेवटच्या गोष्टीवर आमच्या दोघांचं एकमत नाही. एकाला वाटतं, सरकारने करायचं ते आपण पैसे देऊन करायला लागलो तर सरकार कधीच करणार नाही, आणि ज्याच्या पाठीशी मंडळ नाही त्याचं काय? दुसऱ्याला वाटतं, ते सगळं खरं, पण आपल्याला २०२२ च्या डिसेंबरात कोणी साडेतीन हजार दिले असते तर आपण घेतले असते. हा वाद स्वयंपाकघरात अजून चालू आहे. चेक मात्र आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, आणि टॅक्सची पावती मिळते हे खजिनदारांनी सांगायला सांगितलं आहे.

मुलगा आता शाळेत जातो. बोलतो थोडं, टॅब्लेटवरच्या चित्रांनी जास्त. घरात पुन्हा मराठी चालू आहे, टॅब्लेटमध्ये 'पाणी' आजीच्या आवाजात भरलं आहे. आजी पुण्याला परत गेली आहे, पण दर डिसेंबरात कालनिर्णय येतं. चौकोनात आता आम्ही लिहितो.

जेवणानंतर आम्ही दोघं दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहोत. निळं फोल्डर तिथे ठेवलं आहे, उघडून बघा, फोटो काढा. कोणाला मुलाबद्दल काही विचारायचं असेल आणि चारचौघांत नको असेल तर फोन नंबर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, आम्ही या आठवड्यात फोन करू. आणि एक. वरच्या मजल्यावरची छोटी खोली आज दिवे मंद करून मोकळी ठेवली आहे. तबला सुरू झाल्यावर कोणाच्या मुलाला गरज वाटली तर खुशाल न्या, कोणाला विचारायची गरज नाही.